डावीकडची टाकी

मला बंगाली उत्तम येतं, असं कलकत्त्यात एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे मी.

स्वराज्य येऊन दोन-चार वर्षं झाली होती. नागपुराहून बदली होऊन मी गार्डन रीचच्या एका सरकारी कचेरीत रुजू झालो आणि महिन्याभरात बंगालीचा निकाल लावून टाकला. माझा सिद्धांत अगदी सोपा होता. बंगाली ही वेगळी भाषाच नाही! ती आपली मराठीच; फक्त 'अ'चा 'ओ' करायचा आणि शब्दाचं शेपूट गिळून टाकायचं. (हा सिद्धांत मी शेजारच्या टेबलावरच्या बाबूंना ऐकवला तेव्हा ते चहा पीत होते. त्यांना जोराचा ठसका लागला. मी तो कौतुकाचा समजलो.)

आता एखाद्या वेळी गफलत व्हायची, नाही असं नाही. आमच्या मोलकरणीला मी एकदा रुबाबात सांगितलं, "चूल धुओ!" ती माझ्याकडे बघत राहिली, मग निमूटपणे घरी गेली आणि तासाभरानं ओले केस पाठीवर मोकळे सोडून परत आली. बंगालीत चूल म्हणजे केस! पण एका शब्दानं दगा दिला म्हणून काय आख्खी भाषा सोडून द्यायची? मी बोलत राहिलो.

त्याच सुमारास मी गाडी घेतली. गाडी म्हणजे पिकअप ट्रक. लढाई संपल्यावर अमेरिकन फौज मायदेशी गेली आणि जाताना गाड्यांच्या रांगाच्या रांगा मागे टाकून गेली. त्या लिलावात निघाल्या. लोकांनी मोटारी घेतल्या, जीपा घेतल्या. मी हा ट्रक घेतला, कारण त्याच्या मागच्या हौद्यात कलकत्त्यातली निम्मी मराठी मंडळी मावतील असा माझा अंदाज होता. (ती मावण्यासाठी आधी बसायला तयार हवीत, हे मला सुचलं नव्हतं.) गाडी अमेरिकन, म्हणून तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला. चालवणारा डावीकडे, शेजारी बसणारा उजवीकडे. आणि पेट्रोलची टाकी कुठे? तर बसायच्या सीटखाली! पेट्रोल भरायचं म्हणजे आधी बायकोला खाली उतरवायचं, मग गादी उचलायची, मग झाकण उघडायचं. झाकण सैल होतं. खड्डा आला की खाली पेट्रोल डचमळायचं आणि वर वासाचा भपकारा यायचा. मला तो आवडायचा. गाडी असल्याची खात्री पटायची.

आणि मग कुसुमला दिवस गेले.

कुसुम म्हणजे आमची ही. नागपुरात वाढलेली. इथे आल्यावर शेजारपाजारच्या मासळीचा वास तिनं दोन-तीन महिन्यांत पचवला, पण आता पेट्रोलचा वास म्हटला की संपलं! खिदिरपूरचा पूल येईपर्यंत ती पदर नाकाला लावून बसायची आणि पूल आला की मला गाडी थांबवावी लागायची. पुढे पुढे गाडी त्या पुलाशी आपोआप हळू व्हायला लागली.

सातवा लागला तसं मी तिला विचारलं, "काय गं, डोहाळे कसले लागलेत? कैरी आणू? चिंच?"

"मागू?"

"माग ना."

"मला नावेतलं डोहाळजेवण हवंय."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं तेलंगखेडीच्या तलावावर झालं होतं, नावेत. मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझं नागपुरात असतं तर तसंच झालं असतं. इथे कोण आहे माझं करायला? मामा-मामी तेवढे, तेही लांब बराकपूरला."

मला एकदम भरून आलं. दोन वर्षांत या मुलीनं माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. (मागितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.) बहिणी नाहीत, मैत्रिणी नाहीत, भाषा येत नाही, आणि नवरा असा! मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तुझं डोहाळजेवण नावेतच होईल. गंगेत होईल. तेलंगखेडी काय घेऊन बसलीस!"

आमच्या गार्डन रीचलाही नदी होतीच, पण तिथे गोदी, बोटी, भोंगे, पाण्यावर तेलाचे तवंग. कुसुमचे मामा मात्र बराकपूरच्या छावणीत डॉक्टर होते. त्यांच्या बंगल्याजवळ स्वच्छ घाट होता. मामींनी कळवलं, नाव ठरवली, माणसं ठरवली, फक्त बाराच्या आत पोचा. त्यानंतर ओहोटी लागते, घाटाशी नुसता चिखल उरतो आणि नावाडी थांबत नाही. नागपुराहून सासूबाई हिरवी साडी घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "बराकपूरला जायचं कसं?"

"आपली गाडी आहे ना!"

"त्या घासलेटच्या डब्यात?"

"पेट्रोलच्या," मी दुरुस्ती केली.

"जावईबापू, सियालदाहून बराकपूरला आगगाडी जाते म्हणे. बायका बायका तिनं जातो. तुम्ही मागून या सावकाश."

"दारात गाडी असताना आगगाडी? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत. पोरगी परवा बाजारापर्यंत गेली तर तीनदा ओकली! आणि नीट ऐकून ठेवा, बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात."

माझा बाणा जागा झाला. "एवढंच ना? मग वासच घालवतो. टाकी सीटखालून काढतो आणि दुसरीकडे बसवतो!"

"कुठे?"

"डावीकडे. माझ्या बाजूला, बाहेर, हौद्याच्या खाली. वास आला तर मला येईल."

सासूबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा मायेनं पाहिलं. कुसुमनं तर माझ्यासाठी पानही लावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी खिदिरपूरला हारान मिस्त्रीकडे गेलो. हारान बुटका, गोल आणि माझ्याइतकाच स्वतःवर खूश असलेला माणूस होता. कुठलंही काम सांगा, तो "होये जाबे" म्हणायचा. होऊन जाईल! काय होऊन जाईल, ते मात्र तो सांगायचा नाही. मी त्याला सगळी अडचण समजावली, टाकी दाखवली, आणि शेवटी माझ्या खास बंगालीत हुकूम सोडला, "ट्यांक डान दिके लागाओ. बुझेछो? डान दिके!"

(डान कुठून आलं? सिद्धांतातून! 'डावा'चं शेपूट गिळलं की उरतो 'डा'. वर थोडं नाकात बोललं की झाला 'डान'. शिवाय रस्त्यावरचे रिक्षावाले 'डाने, डाने' ओरडताना मी शंभरदा ऐकलं होतं. ते वळायचे कुठे, हे बघायची मला कधी गरज वाटली नव्हती.)

"डान दिके?" हारान म्हणाला. "होये जाबे!"

संध्याकाळी गाडी आणायला गेलो. टाकी सीटखालून निघाली होती. हौद्याखाली पत्र्याच्या पट्ट्यांनी मस्त आवळून बसवली होती, नवी तांब्याची नळी झाळली होती, पेट्रोल ओतायचं तोंड ऐटीत वर काढलं होतं. सगळं झकास. फक्त ते सगळं उजवीकडे होतं! आणि तोंड थेट कुसुमच्या खिडकीखाली. पूर्वी वास निदान गादीतून गाळून यायचा. आता थेट नाकात गेला असता.

"हारान! हे काय? मी डान सांगितलं होतं!"

"डानेइ तो दियेछि, बाबू!"

म्हणजे, डानलाच तर दिलंय! या माणसाला स्वतःच्या भाषेतलं डावं-उजवं कळत नाही! मी त्याला दंडाला धरून गाडीच्या पुढे नेलं, गाडीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि लहान मुलाला शिकवावं तसा माझा डावा हात सरळ बाजूला केला.

"बघ. एइटा डान! कुठाय टाकी?"

हारान माझ्या हाताकडे बघायला लागला, मग हात ज्या बाजूला होता तिकडे बघायला लागला, आणि त्याचा चेहरा उजळला. "ओइ तो! ओइ तो ट्यांक!"

मी पाहिलं. खरंच! माझा डावा हात नेमका टाकीकडे होता.

आता मला सगळं लख्ख समजलं. बिचाऱ्याची चूक नव्हती! गाडीत बसून पाहिलं तर टाकी उजवीकडे, आणि गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर डावीकडे. मी बसून बोललो होतो, त्यानं उभं राहून ऐकलं होतं. मी त्याला हे समजावलं. त्याला काय समजलं देव जाणे, पण तोही जोरजोरात मान हलवायला लागला. आम्ही दोघांनी एकमेकांना क्षमा केली आणि चहा प्यायलो.

"मग आता ती काढून तिकडे लाव," मी म्हटलं.

हारानला एकदा झाळलेली नळी काढणं म्हणजे पाप वाटत होतं. त्यानं तोड सुचवली. त्याच्याकडे दुसऱ्या अशाच ट्रकची टाकी पडली होती. ती दुसऱ्या बाजूला लावायची! दोन टाक्या, दोन नळ्या, मध्ये एक कॉक. कॉक इकडे फिरवला की इकडचं पेट्रोल, तिकडे फिरवला की तिकडचं. गाडीचा तोलही राहील. मला कल्पना फार आवडली. गार्डन रीचमध्ये दोन टाक्यांची गाडी फक्त माझी असणार होती! या खेपेला मी भाषेच्या भानगडीतच पडलो नाही. सरळ बोट लावून दाखवलं, "इथे!"

"होये जाबे!"

झालंही. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी तयार झाली. हारानला विसरभोळ्या लोकांचा अनुभव असावा, कारण त्यानं कॉकच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगानं बंगालीत अक्षरं काढून ठेवली होती. बंगाली लिपी मला येत होती, म्हणजे देवनागरीशी जिथे जुळते तिथे येत होती. एकीकडे 'डा', दुसरीकडे 'बा'. 'डा' म्हणजे डावी, उघडच होतं. 'बा'वर मी क्षणभर अडलो. आणि मग उलगडा झाला. बा म्हणजे बायकोची! तिची बाजू! आपली अडचण या मिस्त्रीनं किती मनाला लावून घेतली, या विचारानं मला गहिवरून आलं. मी त्याची पाठ थोपटली.

घरी आल्यावर कुसुमला नवी रचना समजावून सांगितली. तिच्या बाजूच्या जुन्या टाकीत तळाला जे काही उरलंय ते उरू दे, वर थेंब घालायचा नाही. तोंडावर झाकण, झाकणाखाली फडक्याचा बोळा, वरून मेण. डावी टाकी काठोकाठ भरायची आणि कॉक 'डा'वर.

"डा म्हणजे?" तिनं विचारलं.

"डान. डान म्हणजे डावं. हळूहळू शीक जरा बंगाली. मी आहे ना सांगायला!"

तिनं मनात पाठ केलं असावं. ओठ हलताना मला दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. कुसुम हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने, केसांत वेणी. इतकी छान दिसत होती की मी गिअर टाकताना दोनदा चुकलो. तिच्या नि माझ्या मध्ये सासूबाई. मागे हौद्यात सतरंजीवर आमच्या ओळखीच्या चार मराठी बायका, मसालेभाताचं पातेलं, नारळीभात, कोथिंबीरवड्या आणि श्रीखंडाचा डबा. मैदान गेलं, चौरंगी गेली, शामबाजार गेला. कुसुमनं पदर नाकाला लावला नव्हता!

"वास येतोय?" मी विचारलं.

"नाही हो!" ती हसली. "अजिबात नाही!"

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या हातात कला आहे."

हे वाक्य मी नीट ऐकलं तोच गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. मग सोदपूरच्या अलीकडे एका वडाखाली ती शांतपणे उभी राहिली.

"काय झालं?" मागून चार आवाज आले.

"काही नाही! इंजिन जरा दम खातंय."

मी उतरलो. डाव्या टाकीत काडी बुडवली. काठोकाठ! म्हणजे पेट्रोल होतं. कॉक पाहिला. 'डा'वर! म्हणजे तोही बरोबर होता. पेट्रोल आहे, कॉक बरोबर आहे आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. याचा अर्थ एकच, नळी तुंबली. (बघा, विचार कसा पायरीपायरीनं करावा लागतो!)

एव्हाना आमच्याभोवती गर्दी जमली होती. एकानं कार्बोरेटरला दोष दिला, दुसऱ्यानं अमेरिकेला. तिसरा म्हणाला, गरम झालीय, पाणी घाला. यावरून त्या तिघांचं आपसात जुंपलं आणि पाहता पाहता वाद फुटबॉलवर गेला. मी कुणाकडे लक्ष न देता पंपाजवळची नळी सोडवली, तोंडात धरली आणि ओढलं. नुसती हवा! म्हणजे तुंबलेलीच. मग मी पोटातला सगळा श्वास एकवटून नळीत उलटी फुंकर मारली.

फट्ट!

कुसुमच्या खिडकीखालचं झाकण, बोळा आणि मेण असं सगळं एकदम उडालं आणि उजव्या टाकीच्या तळाची शिळी वाफ थेट तिच्या नाकात गेली.

"अगं आई गं!" कुसुमनं दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन वाकली. सासूबाई तिची पाठ चोळत माझ्याकडे बघत होत्या. ते बघणं मी वर्णन करत नाही.

"इकडे फुंकलं तर तिकडे कसं उडालं?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न योग्य होता. मी तो कानाआड केला. माणूस कामात असला की त्याला असे प्रश्न विचारू नयेत.

"किती वाजले हो?" कुसुमनं डोळे पुसत विचारलं.

"अकरा... होऊन गेले."

"नाव थांबेल ना?"

"थांबेल म्हणजे काय! हे बघ, दोन मिनिटांत निघतो."

ती वडाच्या मुळीवर बसली आणि वेणीतलं सुटलेलं फूल परत खोवायला लागली. मला ती रागावलेली चालली असती. सगळ्या जगात हिनं एक गोष्ट मागितली होती, आणि मी तिला सोदपूरच्या धुळीत आणून बसवलं होतं.

आता शेवटचा उपाय. डाव्या टाकीतून रबरी नळीनं पेट्रोल डब्यात काढायचं आणि थोडं थोडं कार्बोरेटरमध्ये ओतत बराकपूर गाठायचं. मी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. काही आलं नाही. अजून जोरात ओढलं. या खेपेला आलं! आधी तोंडभर, मग नाकात. मी ठसकलो, नळी हातातून सुटली आणि गळ्यापासून धोतरापर्यंत मला चिंब भिजवून गेली. फुटबॉलवाले हळहळले. त्यांतला एक विडी ओढत होता, त्याला बाकीच्यांनी लांब ढकललं.

मी असा खोकत असताना समोरच्या घरातून एक बंगाली आजीबाई लगबगीनं बाहेर आल्या. उन्हात, फुलांनी मढलेली, पोटुशी मुलगी झाडाच्या मुळीवर बसलेली पाहून त्यांनी गालावर हात मारला.

"ओ मा! एशो मा, एशो, घरे एशो!"

बंगाल्यांत डोहाळजेवणासारख्याच समारंभाला 'साध' म्हणतात. कुसुमचा साज पाहूनच आजींना सगळं कळलं होतं. त्यांनी तिचा हात धरला, सासूबाईंना खुणेनं बोलावलं आणि दोघींना घराकडे नेलं. उंबरठ्याशी पोचल्या आणि आजी म्हणाल्या, "डान पा, मा! आगे डान पा!"

कुसुमला माझी शिकवणी आठवली. नवऱ्याचा शब्द प्रमाण मानून तिनं डावा पाय उचलला.

"ना, ना, ना!" आजी किंचाळल्या आणि त्यांनी तिचा डावा गुडघा धरला.

"अगं उजवा! उजवा पाय टाक!" मागून सासूबाई किंचाळल्या. "अशा वेळी डावा पाय टाकतात का कुणी?"

"डान! डान!" असं म्हणत आजी तिच्या उजव्या पायावर चापट्या मारत होत्या.

कुसुम उंबरठ्यावर एका पायावर थांबली. एकदा तिनं आजींकडे पाहिलं, एकदा आईकडे, एकदा स्वतःच्या उजव्या पायाकडे. मग ती सावकाश वळली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अहो! डान म्हणजे उजवा!"

मी तोंड पुसत उभा राहिलो. "शक्यच नाही!"

"अहो, या उजव्या पायाला डान म्हणतायत! उंबरठा ओलांडायला डावा पाय कोण टाकायला सांगेल? तो कॉक कुठे फिरवलाय तुम्ही?"

"डा... डावर."

"म्हणजे उजव्या टाकीवर! रिकाम्या! फिरवा तिकडे 'बा'वर!"

"पण बा म्हणजे बायको..."

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो. गर्दीतल्या एका फुटबॉलवाल्यानं तेवढ्यात आपला डावा हात वर करून मला शांतपणे सांगितलं, "बाँ." मग उजवा वर करून, "डान." त्याच्या शेजाऱ्यानंही वर केले. क्षणात पंधरा-वीस माणसं माझ्यासमोर कवायत करत होती.

मी नळी जोडली, कॉक 'बा'वर फिरवला, पंपाला पेट्रोल ओढू दिलं आणि हँडल मारलं. गाडी अशी सुरू झाली की जणू काही घडलंच नव्हतं. आजींनी तेवढ्यात कुसुमला शहाळ्याचं पाणी पाजून, ओटीत केळं घालून वाटेला लावलं. सासूबाई पुन्हा मध्ये चढल्या, मी चढलो आणि त्या लगेच कुसुमकडे सरकल्या. पुढच्या वाटेवर मी गाडी अशी हाकली की मागच्या बायकांनी मसालेभाताच्या पातेल्यावर बसूनच बराकपूर गाठलं.

घाटावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पाणी खाली गेलं होतं. मामा घाटाच्या पायरीवर उभे राहून नावाड्याशी हुज्जत घालत होते, आणि नाव चिखलापलीकडे, जिथे जरा खोली होती तिथे, आत ओढून उभी केलेली होती.

"डॉक्टरबाबू, आर होबे ना," नावाडी म्हणत होता. म्हणजे, आता नाही जमायचं.

मामा फौजेतले. त्यांनी मोठा आवाज लावला, नावाड्याला कुसुम दाखवली, मग आवाज खाली आणला आणि म्हणाले, "भाची आहे माझी. एवढ्या लांबून आलीय." नावाड्यानं तिच्या फुलांकडे पाहिलं, डोकं खाजवलं, आणि दोघा गड्यांना फळ्या आणायला पिटाळलं. चिखलावर फळ्या टाकल्या गेल्या. त्यांच्यावरून एका हाताला मामा, एका हाताला सासूबाई अशी कुसुम चालत गेली. नावेत बसली. मागोमाग बायका गेल्या, पातेली गेली. नाव हलली तशी तिनं पाण्यात हात घातला आणि आईकडे बघून हसली. गाणी सुरू झाली. मी घाटावर उभा होतो. माझे डोळे भरून आले होते, आणि ते पेट्रोलमुळे नव्हते. (थोडे पेट्रोलमुळेही होते.)

एक चक्कर मारून नाव परत फळ्यांशी लागली तेव्हा मामींनी हाक मारली, "या हो जावईबापू! पहिला घास तुम्ही भरवायचा!"

मी धोतर सावरून फळीवर पाय टाकला. चार पावलं गेलो असेन. नदीवरून येणारा वारा पडला होता आणि आता माझ्या पाठीमागून वाहायला लागला होता. कुसुमचा चेहरा पिळवटला. पदर नाकाला गेला.

"अहो, तिथेच थांबा!"

मी फळीवर थांबलो. खाली चिखल, हातात श्रीखंडाची वाटी.

"काय झालं? गाडीचा वास अजून डोक्यात बसलाय का तुझ्या?"

"गाडीला आता अगदी वास येत नाही हो!" ती पदराआडून म्हणाली. "तुमचं काम छान झालंय. तुम्हालाच येतोय!"

पहिला घास सासूबाईंनी भरवला.

परतताना गाडी मामांनी चालवली. मध्ये सासूबाई, खिडकीशी कुसुम. पोट भरलेलं, वारा खात, शेवटी तिला डुलकीसुद्धा लागली. मी मागे हौद्यात, रिकाम्या पातेल्यांच्या पलीकडे, अगदी मागच्या फळीला टेकून. कारण चारही बायकांनी मला तिथपर्यंत सरकवत नेलं होतं. टाकी सीटखालून काढली, उजवीकडे बसवली, डावीकडे एक नवी लावली, एवढा खटाटोप करून शेवटी गाडीचा वास गेला. पण तो केव्हा? सीटवरून मला काढलं तेव्हा!